पिसलेले प्रश्न

पहिला प्रश्न बीटा ग्लोबिन साखळीतल्या सहाव्या जागेचा: ग्लुटामिक आम्ल जाऊन तिथं व्हॅलिन आलं, तर आजार कोणता? दुसऱ्यात पस्तिशीचा शेतकरी, घामानं थबथबलेला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. तिसऱ्यात चार खणांची चौकट, तिच्यावरून चाचणीची संवेदनशीलता काढा. चौथ्यात करंगळी आणि अनामिका आत वळलेला हात, शेजारी बधिर चट्ट्याचा फोटो. पाचवा अडलेल्या बाळंतिणीचा. सहावा कवटीच्या तळाच्या कुठल्याशा भोकातून कोणती नस जाते याचा.

पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट पीजी परीक्षेत असे २०० प्रश्न २१० मिनिटांत सोडवायचे असतात. २०२४पासून त्यांचे ४०-४०चे पाच भाग केले. ४२ मिनिटं झाली की भाग बंद, मग परत मागं जाता येत नाही. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. विषय १९, आणि कुठला कधी समोर येईल याला काही धरबंध नाही. साडेचार वर्षं ज्यांनी एकेक विषय वेगळ्या वहीत, वेगळ्या रंगाच्या पेनानं लिहून काढला, त्यांच्यासमोर सगळ्या वह्या पत्त्यांसारख्या पिसून ठेवलेल्या.

मी मेडिसिन शिकवते. आमच्या रीडिंग रूममध्ये रात्री बारा वाजताही इंटर्न बसलेले दिसतात. एखादा कॅज्युअल्टीतून तसाच आलेला, अ‍ॅप्रनच्या खिशातून टूर्निके लोंबतोय, समोर मोबाइलवर क्यूबँक, म्हणजे प्रश्नसंच, उघडलेली. त्यांची तक्रार दरवर्षी तीच, फक्त तोंडं बदलतात. "मॅडम, सब्जेक्टवाइज लावलं की छान येतं हो. मिक्स्ड लावलं की स्कोअर धाडकन खाली येतो." मग काहीजण मिक्स्ड लावणंच सोडून देतात. परीक्षा तोंडावर आली की बघू, म्हणतात. आत्ता आत्मविश्वास कशाला घालवायचा?

यात गंमत अशी की विषयवार सोडवताना निम्मं उत्तर मथळाच देत असतो. वर 'ऑटोनॉमिक फार्माकॉलॉजी' लिहिलंय, आधीचे दहा प्रश्न अ‍ॅट्रोपीन आणि निओस्टिग्मीनचे झालेत. अकराव्यात बाहुल्या बारीक दिसल्या की हात आपोआप योग्य पर्यायाकडे जातो. डोकं वापरावंच लागत नाही. मिक्स्डमध्ये बाहुल्या बारीक दिसल्या तर आधी ठरवायला लागतं: हे विष आहे, की अफूच्या जातीचं औषध, की मेंदूच्या पॉन्समधला रक्तस्राव, की काचबिंदूवर टाकलेले थेंब? हे ठरवणं हेच तर आमचं काम. बाकीचं पुस्तकात बघता येतं.

यावर अभ्यासही झालेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या मंडळींनी २००३ साली ईसीजी शिकणाऱ्यांवर एक प्रयोग छापला. एका गटानं एकेका आजाराचे ईसीजी ओळीनं गिरवले, दुसऱ्यानं सगळे सरमिसळ करून. नंतर दोघांना अनोळखी ईसीजी दिले तेव्हा सरमिसळवाले पुढं होते. मी हे इंटर्नना सांगते. ते माना डोलावतात आणि पुन्हा सब्जेक्टवाइज लावतात. त्यांनाही दोष देत नाही. सरावात मार्क कमी पडणं आणि शिकणं एकाच वेळी घडत असतं हे पटायला जड आहे, विशेषतः शेजारचा जण ग्रँड टेस्टची रँक स्टेटसला ठेवत असताना.

विषयांच्या या भिंती काही आजारानं घातलेल्या नाहीत. अमेरिकेत १९१०मध्ये अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थांनी तिथल्या वैद्यकीय शाळांवर अहवाल लिहिला. स्वतः ते डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. पहिली दोन वर्षं प्रयोगशाळेतली शास्त्रं, नंतरची दोन रुग्णालयात, हा साचा त्या अहवालानं पक्का केला. त्या काळी त्याची गरजच होती. पैसे घेऊन पदव्या वाटणारी दुकानं त्यामुळं बंद पडली. पण साचा जगभर पसरला आणि मुलांच्या मनात एक समजूतही रुजली, की पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन पास होण्यापुरती असतात. ती पुस्तकं ज्युनिअरला निम्म्या किमतीत विकली की संबंध संपला. चौरसिया, गायटन, हार्पर अशी तीन वर्षांत तीन हात फिरतात. आपल्याकडं २०१९पासून नवा अभ्यासक्रम आला, पहिल्या वर्षापासून पेशंट दाखवायला लागले, चांगलं झालं. तरी विभागांच्या इमारती वेगळ्याच आहेत. अ‍ॅनाटॉमीवाल्यांना वॉर्डात आल्याला वर्षं लोटलेली असतात, आणि आम्हालाही फॉर्मलिनचा वास आठवावा लागतो.

कापसावर फवारणी सुरू झाली की आमच्या भागात दुसऱ्या प्रश्नातला शेतकरी खराखुरा येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विष अंगात जाऊन किती शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तेव्हा सगळ्या पेपरांत होतं. पण थोडेफार पेशंट दर हंगामात येतातच, आणि फवारणीतूनच येतात असंही नाही. घरातला डबा तोंडाला लावून आलेले जास्त. नातेवाईक खरं सांगत नाहीत. "चक्कर आली, डॉक्टरसाहेब" एवढंच. पण स्ट्रेचर दारातून आत येताच वास पुढं येतो, लसणासारखा, त्यात रॉकेलची झाक. पर्यायी उत्तरांत हा वास येत नाही.

एका रात्रीचं सांगते. वॉर्डातल्या मामांनी कपडे कापून काढले, अंग साबणपाण्यानं धुतलं. इंटर्न अ‍ॅट्रोपीनच्या अँप्यूल फोडत होती. एका अँप्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम, सुरुवातीलाच तीन-चार लागतात, मग दर पाच मिनिटांनी दुप्पट. टेबलावर काचेच्या मानांचा ढीग साचत चाललेला. पोरगी हुशार, पुस्तक पाठ. दर डोसनंतर टॉर्च मारून बाहुल्या बघायची आणि त्या बारीकच दिसल्या की पुढचा डोस भरायची.

"बाहुल्या कशासाठी बघतेस?"

"अ‍ॅट्रोपीन पुरेसं झालं का, ते."

"छातीला लाव स्टेथो."

छातीतली घरघर थांबली होती. काखेत हात घातला तर काख कोरडी. नाडीही शंभराच्या वर गेलेली. बाहुल्या मागं राहतात, विशेषतः विष डोळ्यांत उडालं असेल तर. माणूस मरतो तो फुफ्फुसांत पाणी भरून. म्हणून छाती कोरडी होणं हे लक्ष्य. हा प्रश्न तिनं क्यूबँकमध्ये बरोबर सोडवलेला असणार यात मला शंका नाही.

मग लक्षणांच्या खाली, कारणांकडं उतरलो. घाम, लाळ, श्वासनलिकेतला स्राव हे सगळं मस्करिनिक रिसेप्टरांचं काम, अ‍ॅट्रोपीन तिथं आडवं पडतं. पण पोटऱ्यांचे स्नायू अजून थरथरत होते, पापण्या फुरफुरत होत्या. ते का थांबलं नाही? कारण स्नायूंवरचे रिसेप्टर निकोटिनिक, तिथं अ‍ॅट्रोपीनचं काही चालत नाही. हे शरीरक्रियेच्या पुस्तकातलं पान, पहिल्या वर्षाचं, विकून टाकलेलं. त्याच पानावर पुढचे चार दिवस अवलंबून असतात. छाती स्वच्छ झाली, माणूस बोलायला लागला, नातेवाईक घरी न्यायचं म्हणतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी श्वासाचे स्नायू ढिले पडतात. आधी काय जातं? मान. म्हणून राउंडला रोज त्याला सांगायचं, "दादा, उशीवरून डोकं उचला बरं." उचलता आलं नाही तर व्हेंटिलेटर जवळ आणून ठेवायचा. आणि नळी घालायची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला आठवण करून द्यायची, की स्कोलीन हे स्नायू ढिले करणारं औषध ज्या एन्झाइमनं मोडतं तेही या विषानं बंद पाडलेलं असतं; दिलं तर परिणाम लांबत जाईल.

एका माणसात शरीरक्रिया, औषधशास्त्र, मेडिसिन, भूलशास्त्र आलं. पोलिसांना कळवायचं म्हणून न्यायवैद्यक आलं. तो शुद्धीवर आल्यावर मानसोपचारवाल्यांना बोलवायचं. आणि पाण्याच्या बाटलीत औषध ओतून ठेवायचं नाही हे घरच्यांना समजावताना पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्यशास्त्र. हे सगळं एका रात्री, कोणताही मथळा न लावता.

आणखी एक गोष्ट मॅकमास्टरच्याच मंडळींनी २००५मध्ये दाखवली, ती मला ईसीजीच्या प्रयोगापेक्षा जास्त मोलाची वाटते. काही विद्यार्थ्यांना आजारांच्या लक्षणांची नुसती यादी दिली, काहींना त्या लक्षणांमागचं कारणही शिकवलं. लगेच परीक्षा घेतली तर दोघं सारखेच. आठवड्यानं घेतली तेव्हा यादीवाले गळपटले. यादीतलं एखादं कलम विसरलं की ते गेलं. कारण माहीत असलं तर विसरलेलं कलम पुन्हा काढता येतं. हॉलंडमधल्या संशोधकांचं एक निरीक्षणही यालाच जोडून आहे: अनुभवी डॉक्टर विचार करताना मूलभूत शास्त्राचा उल्लेख जवळजवळ करत नाहीत, शिकाऊ जास्त करतात. वरवर पाहता वाटेल की ते शास्त्र निरुपयोगी ठरलं. पण त्यांना खोदून विचारलं तर सगळं येतं. रोजच्या वापरात ते आजाराच्या नावातच दुमडून गेलेलं असतं.

पहिल्या प्रश्नातला व्हॅलिन असाच दुमडला जातो. फर्स्ट इयरला तो एक ओळ असतो, व्हायव्हात हमखास विचारली जाणारी. मग बालरोग विभागात धारणीकडचं एक वर्षाचं लेकरू येतं, दोन्ही हातांचे पंजे फुगलेले, हात लावू देत नाही. आजी म्हणते जन्मल्यावर चांगलं होतं, गोंडस होतं, सहा-सात महिन्यांनी कुणाची नजर लागली. भूमकाकडं, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडं, जाऊन आलेले असतात. आजीचं निरीक्षण तंतोतंत बरोबर आहे. गर्भातलं हिमोग्लोबिन बीटा साखळी वापरतच नाही, गॅमा वापरतं. ते रक्तात भरपूर असेपर्यंत सहाव्या जागेवरची चूक झाकलेली राहते. सहा महिन्यांच्या सुमारास गॅमा मागं हटते, बीटा पुढं येते आणि सिकलसेल उघडा पडतो. मग त्याच मुलाला पुढं हायड्रॉक्सियुरिया देतात, ते का? त्यानं गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण पुन्हा थोडं वाढतं. जीवरसायन, बालरोग आणि औषधशास्त्र असे तीन विषयांत तीन वेळा वेगवेगळे पाठ केलेले मुद्दे, आणि खाली एकच गोष्ट. विदर्भात आणि नंदुरबारकडं काम करणाऱ्या डॉक्टरला ही गोष्ट रोज लागते. मुंबईच्या इंटर्नला ती हाय यील्ड, म्हणजे परीक्षेत हमखास येणारी, म्हणून माहीत असते.

हाय यील्ड या शब्दावर माझा राग आहे, हे आता लपत नसेल. मिक्स्ड रिव्हिजनच्या नावाखाली आता वनलायनरचे ढीग मिळतात. लाल विंचू: प्राझोसिन. अमुक चिन्ह: तमुक आजार. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि हजार ओळी एका रात्रीत वाचायच्या. ही सरमिसळ मला मान्य नाही. विषयवार रट्टा मारण्याऐवजी विषय न बघता रट्टा मारला, एवढाच फरक.

त्या विंचवाचंच बघा. कोकणात लाल विंचू चावला की माणूस घामानं ओला व्हायचा, हातपाय गार पडायचे, रक्तदाब चढायचा आणि काही तासांत फुफ्फुसांत पाणी होऊन तो जायचा. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर या रुग्णांजवळ बसून, रक्तदाब मोजत, काय आधी होतं आणि काय नंतर हे टिपत राहिले. विंचवाचं विष सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं आणि शरीरातली अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं पूर आल्यासारखी सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात ते अल्फा रिसेप्टरांमुळं. ते रिसेप्टर अडवणारी एक गोळी रक्तदाबासाठी बाजारात होतीच, प्राझोसिन. १९८०च्या दशकात त्यांनी ती दिली, डॉ. प्रमोदिनी बावस्करांच्या साथीनं निष्कर्ष लिहिले, 'लॅन्सेट'मध्ये छापले, आणि ज्या दंशानं माणसं सर्रास जायची त्यात मरण दुर्मीळ झालं. हे दोन शब्दांचं वनलायनर कुणीतरी ग्रामीण केंद्रातल्या खाटेशेजारी बसून, सेकंड इयरच्या पुस्तकातलं रिसेप्टरांचं प्रकरण डोक्यात ठेवून मिळवलेलं आहे. एवढं जरी मुलाच्या कानावर पडलं तरी ती ओळ त्याला पाठ करावी लागणार नाही.

म्हणून माझ्या युनिटमधल्या इंटर्नकडून मी वेगळ्या रीतीनं उजळणी करून घेते. फार मोठी पद्धत वगैरे नाही, राउंड संपल्यावर चहा येईपर्यंतचा वेळ असतो. एक पेशंट घ्यायचा आणि खाली खाली विचारत जायचं. कुष्ठरोगाचा हात आहे ना? कोणती नस? अल्नर. तीच का? कोपरामागं ती कातडीलगत असते. कातडीलगत असल्यानं काय होतं? जागा थोडी गार. मग? त्या जंतूला गारवा लागतो. आता वर या: नस मनगटाशी तुटली तर बोटं जास्त वाकडी दिसतील की कोपराशी? इथं बहुतेक सगळे अडखळतात, कारण उत्तर सरळ बुद्धीच्या उलट आहे. कोपराशी तुटली तर बोटं वाकवणारा खोल स्नायूही लुळा पडतो, म्हणून पंजा कमी वाकडा दिसतो. हे एकदा आपल्याच हाताकडं बघत बोटं वाकवून सांगितलं की पोरं विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी पेशंट दुसरा आणि विषयही दुसरा. आठवडाभरानं न सांगता अल्नर पुन्हा विचारायची. विसरले असतील तर उत्तमच. विसरलेलं ओढून काढताना जे कष्ट पडतात त्यातूनच ते पक्कं बसतं. जर्मनीत एबिंगहाउस स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून विसरण्याचा आलेख काढत बसला होता, १८८५मध्ये त्यानं तो छापला. बिचाऱ्याला वॉर्ड नव्हता.

परीक्षेचं एक मात्र मान्य करायला हवं. नाइलाजानं का होईना, तिच्यामुळं मुलं १९ विषय एकत्र उघडतात. परीक्षा नसती तर अस्थिरोगात जायचं ठरवलेल्यानं पीएसएमची ती चार खणांची चौकट पुन्हा कधी बघितली असती का? आणि ती चौकट बघितलेली नसली की मग गावातल्या शिबिरात रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून दहा जणांना घाबरवून सोडतात. आजार जिथं दुर्मीळ तिथं पॉझिटिव्हमधले बरेच खोटे निघणार, हे गणित कुणी सांगायचं? पीएसएमचं, पार्कचं ते जाडजूड पुस्तक सगळ्यात कमी प्रेमानं वाचलं जातं. मला विचाराल तर कॅज्युअल्टीनंतर सगळ्यात जास्त उपयोगी तेच.

परीक्षेची खोड दुसरीकडं आहे. तिला एकच उत्तर लागतं. त्या शेतकऱ्याच्या रात्री पॅम द्यायचं की नाही यावरून बराच वाद झाला होता. पॅम म्हणजे प्रालिडॉक्झिम, अडकून पडलेलं एन्झाइम विषाच्या कचाट्यातून सोडवणारं. वेळ गेली तर ती गाठ पक्की होते आणि मग सुटत नाही. पुस्तकात हे चित्र देखणं आहे. बारामतीला झालेला एक अभ्यास २००६मध्ये 'लॅन्सेट'नं छापला, त्यात मोठा डोस सतत दिल्यानं फायदा दिसला. २००९मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही. विष कोणतं, किती प्यायलंय, किती तासांनी आणलंय, यावरही सगळं फिरतं. आम्ही दिलं. मी इंटर्नना दोन्ही अभ्यास समजावले, गाठ पक्की होण्याचा वेग विषागणिक कसा बदलतो तेही सांगितलं. अँप्यूल फोडणारी ती पोरगी सगळं नीट ऐकत होती, मध्ये दोन चांगले प्रश्नही विचारले तिनं. शेवटी वही मिटत म्हणाली,

"मॅडम, ते कळलं. पण एक्झाममध्ये काय टिक करायचं?"

"पॅम," मी म्हटलं. "आणि आता जाऊन त्याला मान उचलायला सांग."